अ‍ॅनिमे कन्व्हेन्शनला विनोदी कार्यक्रम करायचाय? आधी खोली ठरवा, मग विनोद लिहा

अ‍ॅनिमे कन्व्हेन्शन म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशनच्या चाहत्यांचा दोन-तीन दिवसांचा मेळावा. त्यासाठी लिहिलेल्या विनोदी संहिता माझ्याकडे वर्षभर येत असतात. पाठवणारे बहुतेक न्यू जर्सी, टेक्सास, बे एरियातले आपले मराठी तरुण, अधूनमधून मुंबई-पुण्याचेही. "ताई, कन्व्हेन्शनला स्किट करायचंय, वाचून सांगाल का?" वाचायच्या आधी मी एकच विचारते: कुठल्या मंचावर, किती मिनिटं, माईक हातात आहे की नाही? बहुतेकांकडे उत्तर नसतं. विनोद लिहून झालेला असतो आणि आता त्याला जागा शोधायची असते. पंधरा मिनिटांचं स्टँडअप दोन मिनिटांच्या मास्करेडमध्ये (वेशभूषेच्या कार्यक्रमात) कोंबलं जातं, नाहीतर दोन मिनिटांचा प्रसंग तासभराच्या पॅनेलमध्ये ताणला जातो. दोन्हीकडे प्रेक्षक गप्प बसतात, आणि मग "तिथल्या लोकांना विनोद कळत नाही" असा निष्कर्ष निघतो. लोकांना विनोद कळतो. त्यांनी तिकिटाचे, हॉटेलचे पैसे भरलेले असतात, हसायलाच आलेले असतात.

म्हणून खालचा क्रम पाळा. मी अमेरिकेतल्या कन्व्हेन्शनबद्दल लिहिते आहे, कारण हा प्रकार तिथेच सगळ्यात रुळलेला आहे. मुंबईसाठी काय बदलायचं ते शेवटाकडे आहे.

१. जागा ठरवा

विनोदाला साधारण तीन दारं असतात.

पॅनेल: बैठकीच्या खोलीत, खुर्च्या मांडून, प्रोजेक्टर आणि माईकसह. वेळ बहुधा एक तास. इथे तुम्ही बोलता, स्लाइड दाखवता, प्रेक्षकांशी खेळता. स्टँडअपच्या सगळ्यात जवळचा प्रकार हाच.

मास्करेड: वेशभूषेचा मुख्य कार्यक्रम, सगळ्यात मोठ्या सभागृहात. प्रत्येक प्रवेशिकेला दोन-तीन मिनिटं, एकट्याला त्याहून कमी. बहुतेक ठिकाणी कलाकारांना माईक मिळतच नाही. संवाद आधी ध्वनिमुद्रित करून द्यावे लागतात. नव्या माणसाला हीच गोष्ट माहीत नसते.

तिसरं दार छोटं आहे: ओपन माईक, इम्प्रोव्ह (आयत्या वेळी रचलेले प्रसंग), वेशभूषेतले गेम शो. यांत दुसऱ्याच्या कार्यक्रमात पाच मिनिटं मिळतात. पहिल्या वर्षी इथूनच शिरा.

पहिल्याच खेपेला लॉस एंजेलिसच्या अ‍ॅनिमे एक्स्पोकडे किंवा न्यूयॉर्कच्या जेव्हिट्स सेंटरमधल्या अ‍ॅनिमे एनवायसीकडे धाव घेऊ नका. तिथे अर्जांची गर्दी प्रचंड असते. तुमच्या शहरापासून दोन तासांच्या अंतरावर एखाद्या हॉटेलात किंवा कॉलेजात भरणारं दोन दिवसांचं छोटं कन्व्हेन्शन शोधा. तिथे संयोजक ईमेलला उत्तर देतात, आणि चाळीस लोकांसमोर पडलेला विनोद दुसऱ्या दिवशी दुरुस्त करून पुन्हा बघता येतो.

*तपासा: ज्या कन्व्हेन्शनला अर्ज करणार तिथे प्रेक्षक म्हणून एकदा तरी जाऊन आलात का? त्या खोलीत शेवटच्या रांगेत बसून पाहिलंत का? नसेल, तर अर्ज पुढच्या वर्षी.*

२. अर्ज

पॅनेलचे आणि मास्करेडचे अर्ज वेगवेगळे असतात, त्यांच्या मुदतीही वेगळ्या, आणि त्या कन्व्हेन्शनच्या कित्येक महिने आधी संपतात. तारीख कॅलेंडरात टाका आणि नियमांचं पान छापून घ्या. छापलेल्या पानावर वेळेची मर्यादा, ध्वनिफितीचा प्रकार आणि शस्त्रांचे नियम यांखाली रेघ ओढा.

पॅनेलचं वर्णन लिहिताना सगळे चुकतात. "अ‍ॅनिमेवरचे धमाल विनोद, पोट धरून हसाल" असं लिहिलेल्या अर्जातून निवडणाऱ्याला काहीच कळत नाही. त्याला चार गोष्टी हव्या असतात: खोलीत नक्की काय घडणार, किती लोक चालवणार, वयोगट कोणता, आणि यंत्रसामग्री काय लागणार. मी असं लिहीन: "एक अनुवादक आणि एक अडाणी दिग्दर्शक मिळून प्रेक्षकांनी सुचवलेल्या प्रसंगाचं जागेवर डबिंग करतात. पाच फेऱ्या, दोन सूत्रधार, प्रोजेक्टर आणि दोन माईक, सर्व वयोगटांसाठी." वाचताक्षणी खोली डोळ्यांसमोर उभी राहते.

वयोगटाबाबत खरं तेच सांगा. अठरा वर्षांवरच्यांसाठी असलेली पॅनेलं रात्री उशिरा असतात आणि दारात ओळखपत्र बघतात. संध्याकाळी चारच्या कार्यक्रमात रात्री अकराचा विनोद घातलात, तर पुढच्या वर्षी तुमचा अर्ज उघडलाही जाणार नाही. आणि ते योग्यच आहे, कारण त्या खोलीत दहा वर्षांची मुलं आईबापांबरोबर बसलेली असतात.

*इशारा: एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर शिकत असाल किंवा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर काम करत असाल, तर कार्यक्रमाचे पैसे घेण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाशी बोला. एच-१बी हा त्या एका मालकाकडच्या कामापुरता असतो; बाहेरचं मानधन, रक्कम छोटी असली तरी, महागात पडू शकतं. पॅनेलवाल्यांना बहुधा फक्त प्रवेशाचा मोफत बॅज मिळतो. तोही मोबदल्यात धरला जातो का, हे त्याच फोनवर विचारून घ्या.*

३. लिखाण

अर्ज स्वीकारला गेला, मिनिटं कळली. आता लिहायला बसा.

सुचलेले पहिले तीन विनोद काढून टाका. हल्ल्याचं नाव ओरडून मग हल्ला करणारा नायक, हात मागे टाकून धावणं, ट्रकखाली येऊन दुसऱ्या जगात पोचणं: हे सगळं त्या प्रेक्षकांनी शंभरदा पाहिलेलं आहे. तुम्हाला पहिल्या दहा मिनिटांत जे सुचलं ते त्यांनाही सुचलेलंच असतं.

मांडणीसाठी मान्झाई या दोघांच्या जपानी विनोदी संवादप्रकारातली जोडी उपयोगी पडते. एक बोके, म्हणजे चुकीचं बोलणारा, भलतंच करणारा. दुसरा त्सुक्कोमी, त्याला जागच्या जागी पकडणारा. आपल्या तमाशातला सोंगाड्या आणि त्याला उलट प्रश्न करणारा सरदार आठवा, म्हणजे नातं लगेच लक्षात येईल. एम-१ ग्रां प्री या मान्झाईच्या जपानी स्पर्धेच्या अंतिम फेरीत जोडीला चार मिनिटं मिळतात, आणि त्यात बसवायला लोक वर्षभर घासतात. तुमच्याकडे दोनच आहेत. तेव्हा एक स्किट, एक कल्पना.

एक उदाहरण बारकाईने बघू. मी दोन मुलींसाठी बसवलेलं स्किट. कल्पना अशी: मालिकांमध्ये प्रत्येक भागाच्या सुरुवातीला मागच्या भागाची उजळणी लांबतच जाते. इथे ती लढाईच्या मधेच येते.

सुरुवातीपासून पस्तीस सेकंद: दोघी समोरासमोर, तलवारी उपसलेल्या, एकेक पाऊल पुढे. छत्तिसाव्या सेकंदाला संगीत बदलतं आणि दोघी आठ सेकंदांत पहिलं सगळं चौपटीहून जास्त वेगानं पुन्हा करतात. लढाई फक्त एक पाऊल पुढे जाते. लगेच दुसरी उजळणी, चार सेकंदांची, त्यात पहिली उजळणीही आलेली. पुन्हा एक पाऊल. तिसऱ्यांदा संगीत बदलतं तेव्हा प्रेक्षक आधीच हसायला लागलेले असतात. नायिका उजळणी सुरू करते, आणि खलनायिका तलवार खाली ठेवते, मंचावर मांडी घालून बसते, पिशवीतून डबा काढून खायला लागते. ती आहे त्सुक्कोमी, एक शब्दही न बोलता.

पहिल्या मसुद्यात सुरुवातीची लढाई एक मिनिटाची होती. तालमीत दिसलं की इतकी लांब लढाई लोक खरी समजून गंभीरपणे बघायला लागतात, आणि उजळणी आली की गोंधळतात. पस्तीस सेकंदांवर आणली तेव्हा घडी बसली. डबा आधी बिस्किटांचा पुडा होता. मागच्या रांगेतून तो दिसेना. स्टीलचा तीन खणी डबा आणला, तो दिव्यांत चकाकला आणि झाकण उघडल्याची हालचाल शेवटपर्यंत पोचली.

हे स्किट चाललं, कारण ते तीन प्रकारच्या माणसांना एकाच वेळी कळतं: सगळं पाहिलेला चाहता, एकच मालिका पाहणारी मुलगी, आणि तिला सोडायला आलेले वडील. तुमचा विनोद वडिलांना अजिबात कळत नसेल तरी चालेल, पण त्यांना मंचावर काय घडतंय ते तरी कळलं पाहिजे.

कशावर विनोद करू नये याबद्दल मी ठाम आहे. जपानी उच्चारांची नक्कल नको. कुणाच्या शरीरावर, वेशभूषा "शोभते की नाही" यावर नको. चाहते एकलकोंडे असतात, अंघोळ करत नाहीत, असले विनोद तर मुळीच नकोत. खोलीतली कितीतरी मुलं वर्षातून हे तीनच दिवस मोकळेपणी श्वास घेतात. त्यांच्या आवडीवर त्यांच्यासारखंच प्रेम असलेल्या माणसानं केलेला विनोद त्यांना लगेच ओळखू येतो.

*इशारा: रहस्यभेद (स्पॉयलर) टाळा. 'वन पीस' या मालिकेचे हजाराहून जास्त भाग आहेत. खोलीतलं कोण कुठल्या भागावर आहे, तुम्हाला ठाऊक नसतं. गेल्या वर्षभरात घडलेल्या मृत्यूवर, गौप्यस्फोटावर पंच, म्हणजे हशा पिकवणारी ओळ, बांधू नका.*

४. ध्वनिफीत

मास्करेड नसेल तर हा टप्पा सोडून पुढे जा. असेल, तर सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. माझ्या पाहण्यातली निम्म्याहून जास्त स्किटं लिखाणामुळे नाही, आवाजामुळे पडली.

मुद्रण कपड्यांच्या कपाटात करा. खरंच. अमेरिकन घरांतल्या वॉक-इन कपाटात दार ओढून, लोंबत्या कोटांच्या मधे फोन ठेवून बोललात, तरी बैठकीच्या खोलीपेक्षा आवाज स्वच्छ येतो, कारण कापड घुमारा शोषून घेतं. मोठ्या सभागृहात आवाज घुमतोच. तुमच्या फितीतला घुमारा त्यात मिसळला तर शब्द विरघळतात.

बोलण्याचा वेग नेहमीपेक्षा कमी ठेवा. संवादाखाली पार्श्वसंगीत असेल तर जवळजवळ ऐकू येणार नाही इतकं खाली आणा. हेडफोनवर छान वाटणारं मिश्रण सभागृहात चिखल होतं.

पहिल्या शब्दाआधी एक पूर्ण सेकंद शांतता सोडा. एका कार्यक्रमात आमच्या फितीचं पहिलं अक्षरच गेलं, आणि नेमकं ते पात्राचं नाव होतं. पुढचं स्किट कुणाबद्दल चाललंय हे लोकांना शेवटपर्यंत कळलं नाही.

हशासाठी जागा कशी सोडायची? मोठ्या पंचनंतर दोन-तीन सेकंद संवाद नको, पण तिथे काहीतरी हालचाल असू द्या: मान वळवणं, तलवार पुसणं, डब्याचं झाकण लावणं. हशा आला तर तो त्या हालचालीवर पसरतो, नाही आला तर पोकळी दिसत नाही.

आता मुख्य गोष्ट. फीत वाजताना ओठ कुणाचे हलताहेत ते मागच्यांना दिसत नाही. म्हणून ज्याचा संवाद चालू आहे त्यानंच हलायचं, बाकीच्यांनी पुतळ्यासारखं थांबायचं. बोलणाऱ्यानं प्रत्येक वाक्याला खांद्यापासून हात उचलायचा. मनगटापासून उचललेला हात वीस फुटांवर नाहीसा होतो. हा एक नियम पाळला तर कच्चं स्किटही समजतं.

*तपासा: फीत मर्यादेपेक्षा किमान पाच सेकंद कमी आहे ना? नियमात सांगितलेल्या प्रकारातच साठवली ना? फाइलच्या नावात प्रवेशिकेचं नाव आहे ना? संयोजकांना पाठवल्यावर दोन पेनड्राइव्हवर वेगळ्या पिशव्यांत ठेवली ना? आणि घराबाहेर, गाडीत, मोठ्या आवाजात एकदा ऐकलीत ना?*

५. पेहराव आणि रंगीत तालीम

कॉलेजात एकांकिका केलेल्यांना रंगीत तालमीचं महत्त्व सांगायला नको. पण इथे गंमत अशी होते की पोशाख आदल्या रात्री हॉटेलच्या खोलीत डिंक लावून पूर्ण होतो, आणि तो घालून कुणी चाललेलंच नसतं. पोशाख कन्व्हेन्शनच्या दोन आठवडे आधी पूर्ण हवा. अपुरा राहिला तर सजावट कमी करा, तालीम कमी करू नका.

पूर्ण पोशाखात या गोष्टी करून बघा: जिने चढणं आणि उतरणं, गुडघ्यावर बसून उठणं, दारातून आडवं जाणं, मागे न बघता चार पावलं मागे येणं. शिरस्त्राण असेल तर ते घालून दहा मिनिटं नाचा. माझ्या एका मित्राच्या फोमच्या शिरस्त्राणाची काच आतून श्वासानं धुरकटली. तो चमकपट्टीच्या, म्हणजे मंचाची कड दाखवणाऱ्या, अंधारात चमकणाऱ्या पट्टीच्या, पुढे निघाला होता. काळ्या कपड्यांतल्या मंच-सहायकानं त्याला धरून मागे ओढलं. या सहायकांना तिथे निंजाच म्हणतात. त्यानंतर आम्ही हनुवटीखाली दोन भोकं पाडली आणि त्याच्या डाव्या बाजूला कायम एक सोबती ठेवला.

शस्त्रांची दारात तपासणी होते आणि मान्यतेची पट्टी बांधली जाते. खरी धार, आग, द्रव, मंचावर सांडणारी चमकी-कागद हे जवळपास सगळीकडे बंद असतं. तुमच्या पंचला कागदाचा पाऊस लागत असेल तर पंच बदला. पुढच्या कलाकाराचा पाय त्यावरून घसरतो.

६. पॅनेलवाल्यांसाठी

तासाचं पॅनेल पंचेचाळीस मिनिटांचं बांधा. आत येणं, तार जोडणं, खोली वेळेत सोडणं यात उरलेलं जातं. चित्रफिती लॅपटॉपमध्ये साठवलेल्या हव्यात. कन्व्हेन्शनच्या वायफायवर विसंबून कार्यक्रम करू नका. एचडीएमआयचा अ‍ॅडॉप्टर आणि आवाजाची तार स्वतःची न्या. स्लाइडवर सात-आठ शब्दांपेक्षा जास्त लिहू नका, कारण लोक वाचून आधी हसतात आणि तुम्ही बोलता तेव्हा हशा संपलेला असतो. पंचची ओळ स्लाइडवर कधीच नको.

७. कार्यक्रमाचा दिवस

कन्व्हेन्शनच्या जगात पाच-दोन-एक असा नियम सांगतात: रोज पाच तास झोप, दोन जेवणं, एक अंघोळ. कलाकारानं झोप सात तासांवर न्यावी. शनिवारी संध्याकाळी मास्करेड असेल तर शुक्रवारी रात्रीची पार्टी सोडा. आवाज बसतो तो तिथेच, संगीतावर ओरडून बोलताना.

मास्करेडमध्ये दुपारी पोशाखाचं परीक्षण असतं आणि मग पडद्यामागे तासन्‌तास थांबावं लागतं. बरोबर घ्या: पाण्याची बाटली आणि स्ट्रॉ (रंगवलेले ओठ), सेफ्टी पिना, गोंदाची ट्यूब, केळी किंवा चिक्की, आरामाच्या चपला. मंचाची पाहणी करायला मिळाली तर संवाद म्हणत बसू नका. चाला. आत येण्याची बाजू, मधली खूण, बाहेर जाण्याची बाजू, पायऱ्या किती. ध्वनीवाल्याला स्वतः भेटून सांगा की फीत तुम्ही जागेवर उभे राहिल्यावर सुरू करायची की अंधारातच.

*तपासा: मुखवट्यातून चमकपट्टी दिसते का? नसेल, तर सोबती किंवा निंजा हात धरून नेईल हे आत्ताच ठरवा.*

८. मंचावर

मास्करेडमध्ये काही चुकलं तरी थांबू नका. फीत थांबणार नाही. तलवार पडली, टोप सुटला, तर पुढच्या खुणेला जाऊन मिळा.

पॅनेलमध्ये उलट: तिथे थांबता येतं, म्हणून थांबा. हशा चढत असताना बोलू नका. उतरायला लागला की पुढचं वाक्य टाका. पहिल्या अर्ध्या मिनिटात स्वतःची ओळख, आभार, माईकची चाचणी यात वेळ घालवू नका. दार बंद झालं की थेट पहिल्या प्रसंगात शिरा, नाव नंतर सांगा.

प्रेक्षकांतून कुणीतरी दुरुस्ती करणारच: "ते बाराव्या भागात नाही, तेराव्यात आहे!" त्याच्यावर खेकसू नका. त्याला आनंद झालेला असतो. "तेरावा, बरोबर, उभे राहा, आजचे परीक्षक तुम्हीच" असं म्हणा आणि पुढच्या फेरीत खरंच त्याला विचारा. मात्र कुणी रहस्यभेद करू लागला किंवा वेशभूषेतल्या मुलीला काही बोलला, तर विनोद बाजूला ठेवून सरळ सांगा की हे इथे चालणार नाही. खोली तुमच्या बाजूनं असते.

दहा मिनिटं उरल्याची पाटी दिसली की शेवटच्या प्रसंगाकडे वळा. प्रश्नोत्तरांवर विनोदी कार्यक्रम संपवू नका. प्रश्न आधी घ्या, सगळ्यात पक्का प्रसंग शेवटी ठेवा.

९. मुंबई-पुण्यात करताना

मुंबई कॉमिक कॉनसारख्या ठिकाणी वेशभूषेच्या मंचावर वेळ फार थोडा असतो, आणि आजूबाजूला स्टॉलचा गोंगाट. म्हणून बोलण्यापेक्षा दिसणारा विनोद धरा.

दुसरा फरक भाषेचा. आपल्याकडच्या एका मोठ्या पिढीनं 'डोरेमॉन' आणि 'शिनचॅन' हंगामा टीव्हीवर हिंदीत पाहिले. त्यांच्या कानात ती पात्रं हिंदीच बोलतात. सबटायटलवाल्या चाहत्यांसाठी लिहिलेला विनोद तिथे अर्ध्याच लोकांना पोचतो. हिंदी डबिंगमधल्या आवाजाच्या ढबीवर बांधलेला प्रसंग मात्र सगळी खोली उचलते, आणि त्यात अचानक एका पात्रानं मराठीत, अगदी घरच्या सुरात "हात धुतलेस का?" विचारलं तर टाळी हमखास. पण एकदाच. दुसऱ्यांदा तीच युक्ती केली की लोकांना ती कळलेली असते.

१०. घरी आल्यावर

मित्राला मागच्या रांगेतून चित्रण करायला सांगितलेलं असेलच. दोन दिवस जाऊ द्या, मग आवाज चालू ठेवून, चित्र बंद करून नुसतं ऐका. कागदावर सेकंद मांडा: हशा कुठे आला, किती टिकला, कुठे येईल वाटलं होतं आणि आला नाही. न आलेल्या जागा दोन प्रकारच्या असतात. जिथे शब्दच ऐकू आले नाहीत तिथे आवाज किंवा वेग दुरुस्त करा. जिथे शब्द स्वच्छ ऐकू येताहेत तरी शांतता आहे, ती ओळ काढून टाका. तो कागद आणि सगळ्यात चांगल्या हशाची तीस सेकंदांची चित्रफीत पुढच्या अर्जासाठी एकाच फोल्डरमध्ये ठेवा. बरेच अर्ज जुन्या कार्यक्रमाचा नमुना मागतात, आणि तो आयत्या वेळी सापडत नाही.